मेंढ्या बसवणे

गोल्फ हा सभ्य माणसांचा खेळ आहे, असं आमच्या क्लबाच्या भिंतीवर पितळी अक्षरांत लिहिलेलं आहे. बारा वर्षं मी त्या भिंतीखालून ये-जा करते. पूर्वी ते वाचून हसू यायचं. या मार्चपासून मी तिकडे न बघता आत जाते.

मी करुणा. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकले. माझ्या वर्गातले बाकीचे कापूस, तूर, मोसंबीच्या मागे लागले आणि मी हरळीच्या मागे लागले, म्हणून माहेरचे अजून चिडवतात. छावणीच्या पलीकडे, खाम नदीच्या अंगाला खामकाठ गोल्फ क्लब आहे. त्याचं मैदान राखणं ही माझी नोकरी. हाताखाली चौदा माळी आणि दोन कापणी यंत्रं, डोक्यावर एक समिती. माळी आणि यंत्रं सांभाळता येतात.

क्लब जुना आहे. निजामाच्या काळात छावणीतल्या फौजी साहेबांनी या मुरमाड माळावर अठरा खड्डे खणले, त्यात झेंडे रोवले आणि पांढऱ्या चेंडूमागे फिरायला लागले. खेळ तसा एवढाच आहे. लांबून चेंडू मारायचा, झेंड्याजवळच्या कातरलेल्या हिरवळीवर न्यायचा आणि खड्ड्यात घालायचा. त्या खड्ड्याला आणि तिथपर्यंतच्या सगळ्या वाटेला मिळून होल म्हणतात. वाटेत अडचण हवी म्हणून कुठे वाळूचे खळगे, कुठे झाडं, कुठे उंच गवत. सोपं असतं तर साहेब लोक घरीच बसले असते.

त्या वेळी गवत कापायला यंत्रं नव्हती. मेंढ्या होत्या. वेरूळच्या घाटाखालच्या एका गावातले धनगर शिमगा झाला की कळप घेऊन इथे यायचे आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत राहायचे. दिवसा मेंढ्या कडेचं उंच गवत खायच्या, बारवेवर पाणी प्यायच्या आणि रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, एका जागी बसायच्या. चार दिवसांनी वाघर उचलून पुढच्या जागी लावायची. जिथे मेंढ्या बसल्या तिथे लेंड्या-मुताचं असं खत पडायचं, की दोन वर्षं दुसरं काही घालावं लागायचं नाही. याला मेंढ्या बसवणं म्हणतात. धनगर म्हणतो, शेतकरी म्हणतो, माझी आई म्हणते. मराठवाड्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आमचा सातवा होल नावाजलेला आहे तोही मेंढ्यांमुळेच. तिथल्या हिरवळीभोवती जे खळगे आहेत ते कुणा साहेबानं आखलेले नाहीत. वारा लागू नये म्हणून मेंढ्या वर्षानुवर्षं उताराच्या त्याच अंगाला बसल्या, खुरांनी मुरूम उकरला गेला, वाऱ्यानं माती नेली. साहेबांनी आयत्या खळग्यांत वाळू टाकली आणि त्यांना बंकर म्हणायला लागले. क्लबाच्या बारमध्ये एक जुना फोटो आहे. मध्ये टोपीवाला साहेब काठी उगारून उभा, मागे बसलेल्या अकरा मेंढ्या आणि अगदी कडेला घोंगडी पांघरलेला अर्धा माणूस. उरलेला अर्धा चौकटीबाहेर गेला आहे. तो मुंजाबाचा पणजोबा.

मुंजाबा आता साठीचा आहे. मी नोकरीला लागले त्या वर्षी त्यानंच मला मैदान दाखवलं. कुठे मुरूम वर आहे, कुठे काळी माती लागते, कुठली हरळी कातरली तर रुसते, हे मी विद्यापीठात नाही, त्याच्या मागून चालत शिकले. त्याची बायको दगडाबाई माझ्या हातच्या चहाला नावं ठेवते आणि दोन कप पिते. मुलगा अंगद वाळूजला एका कारखान्यात पाळीवर जातो. मेंढ्यांचा वास शर्टाला लागतो म्हणून तो बापाशी लांबूनच बोलतो.

यंत्रं आली तरी कळपाचं येणं थांबलं नव्हतं. मागच्या वर्षी एका सभासदाच्या पाहुण्या बाईंचे पांढरे बूट लेंड्यांनी भरले. बस्स. पंधरा दिवसांत समितीचा ठराव झाला, की मैदानात जनावरांना मज्जाव. शंभर वर्षांची वहिवाट एका बुटाखाली गेली. मुंजाबानं तो उन्हाळा कळप घेऊन रस्त्याच्या कडेनं काढला. मेंढ्यांनी बाभळीच्या शेंगा खाल्ल्या, बंगल्यांच्या कुंपणातली पानं खाल्ली, प्लास्टिकही खाल्लं. मृगापर्यंत कळप तीनशेवरून दोनशेवर आला.

या वर्षी संक्रांतीनंतर तो मला भेटायला आला. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उकिडवा बसला आणि बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाला, "बाई, औंदा आत घ्या. औंदाचा उन्हाळा भाईर काढनं व्हत नाय माझ्यानं. नाय जमलं तर मेंढरं इकावी लागतील. पोरगं तेच म्हनतंय."

मी शब्द दिला. ऐपत नसताना दिला, पण दिला.

त्याला कारण होतं. मार्चअखेरीला राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा पहिल्यांदाच आमच्याकडे व्हायची होती. टीव्हीवर दिसणार म्हटल्यावर समितीच्या अंगात आलं होतं. होल नव्यानं आखायला पुण्याहून सम्यक नावाचा तज्ज्ञ बोलावला होता. तिशीतला, गोरागोमटा, परदेशात शिकलेला, पाण्याची बाटली स्वतःची. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. त्यानं चौथा होल लांबवला. पंधराव्यावर एक तळं काढलं. माझ्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि मी चार दिवस चेंडू बुडायला म्हणून तळं भरत होते. पहिल्या दिवशी मोटार सुरू करताना माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वाटली नाही, आणि त्याची जास्त वाटायला हवी होती.

सातव्यापाशी मात्र सम्यक विरघळला. खळग्यांत उतरून त्यानं हातानं मुरूम चाचपला. हे कसं झालं, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की इथे मेंढ्या बसायच्या. तो भारावून गेला. बारमधल्या फोटोचा त्यानं मोबाईलवर फोटो घेतला. त्याच्या अहवालात सातव्यावर दोन पानं होती, आणि त्यात 'वारसा' हा शब्द नऊ वेळा आला होता.

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी समितीला टिपण लिहिलं. आमचे अध्यक्ष आप्पासाहेब मराठीचे फार अभिमानी, गणेशोत्सवात त्यावर भाषण करतात, म्हणून टिपण मराठीत लिहिलं. त्यातलं मुख्य वाक्य मला पाठ आहे: "सातव्या होलवर पूर्वीप्रमाणे मेंढ्या बसवाव्यात, त्यामुळे खळग्यांचे मूळ रूप टिकेल आणि क्लबाचा वारसा पाहुण्यांना दिसेल." खताचं आणि चराईचं मी मुद्दाम लिहिलं नाही. लेंड्या आठवल्या असत्या तर समितीनं नाक मुरडलं असतं. 'वारसा' मात्र लाडीगोडीनं घातला. तोच नडला.

बैठकीत मला खुर्ची नसते. आठ दिवसांनी ठरावाचा कागद आला. सूचना एकमतानं मान्य, सातव्या होलवर मेंढ्या बसवाव्यात, कार्यवाही सम्यक. मी तो तीनदा वाचला आणि त्याच पावली मुंजाबाला फोन केला. तो तेव्हा पैठणकडे निघायच्या बेतात होता. तिथे कालव्याखाली अप्पाराव म्हणून एक बागायतदार आहे, त्यानं मुंजाबाला रानात मेंढ्या बसवायला बोलावलं होतं. पाणी होतं, उसाचं पाचट होतं, निदान वैशाखापर्यंत निभावलं असतं. मुंजाबानं विचारलं, कागदावर नक्की काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, मेंढ्या बसवाव्यात असं लिहिलंय ना, मग झालं. त्यानं अप्पारावला नाही म्हणून कळवलं.

शिमगा झाला. तिसऱ्या दिवशी मी सकाळी मोटारीचा एक भाग आणायला वाळूजला गेले होते. सातव्याभोवती सम्यकनं आठवडाभर हिरवी जाळी लावून ठेवली होती, आत आखणी चालली आहे म्हणून कुणाला जाऊ देत नव्हता. दुपारी परत आले तर फाटकाबाहेर धूळ दिसली आणि ती माझ्या ओळखीची धूळ होती. मुंजाबा पुढे, दगडाबाई मागे, मध्ये दोनशे मेंढ्या, आणि घोड्यावर वाघर, भांडी आणि चार दिवसांचं एक कोकरू. रखवालदार आडव्या दांड्यामागे उभा होता. मी दांडा वर कर म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, मेंढ्या बसल्या सकाळीच. ट्रकनं आल्या. आता ह्या कुठल्या?"

मला कळेना. मी मुंजाबाला थांबायला सांगितलं आणि सातव्याकडे पळत गेले.

जाळी काढली होती. खळग्यांच्या कडेनं अकरा मेंढ्या बसल्या होत्या. फायबरच्या. पांढऱ्याशुभ्र, तेलकट चमकणाऱ्या, पाय पोटाखाली घेतलेल्या, आणि सगळ्यांचे डोळे निळे. मेंढीचे डोळे निळे करणाऱ्या माणसानं आयुष्यात मेंढी पाहिली नसणार. प्रत्येकीच्या बुडाखाली सिमेंटचा चौथरा, त्याला चार बोल्ट. एक कारागीर शेवटचा बोल्ट आवळत होता. सम्यक हातात कागद घेऊन उभा होता आणि आप्पासाहेब कंबरेवर हात ठेवून कौतुकानं पाहत होते.

मी विचारलं, हे काय आहे. सम्यक खूश होता. तो म्हणाला, "तुमच्याच नोटवरून केलं, मॅडम. पूर्वीप्रमाणे. फोटोत अकरा आहेत, आपण अकरा बसवल्या."

मी त्याला काय बोलणार? तो पुण्यात वाढला. त्याच्या घरी फरशी बसवतात, दारं बसवतात, चौकात पुतळे बसवतात. त्यानं वाक्य वाचलं आणि त्याला कळलं तसं केलं. पोरकटपणा होता, पण प्रामाणिक होता. माझा राग त्याच्यावरून घसरून पलीकडे गेला.

कारण पलीकडे आप्पासाहेब होते. आप्पासाहेब आज इमारती बांधतात, पण त्यांचे वडील गंगापूरकडचे शेतकरी. मागच्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर चहा पिताना त्यांनीच आम्हा सगळ्यांना ऐकवलं होतं, की त्यांच्या लहानपणी रानात धनगर मेंढ्या बसवायचे, त्यांची आई धनगरांना ज्वारी आणि गूळ द्यायची, आणि त्या वर्षीचा गहू गुडघ्याच्या वर जायचा. बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तेव्हा ते आवडले होते.

मी म्हटलं, "आप्पासाहेब, तुम्ही तरी यांना सांगा, मेंढ्या बसवणं म्हणजे काय."

तेवढ्यात भिंतीपलीकडून मेंढ्यांचा आवाज आला. तहानल्या की त्यांचा आवाज घोगरा होतो. आप्पासाहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मग फायबरकडे, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. पुरतं कळलं. टिपण न वाचता त्यांनी सही केली होती, सम्यकचं चित्र पाहून मान डोलावली होती, आणि आपण काय मान्य केलं ते त्यांना आत्ता, या क्षणी समजलं होतं. एक शब्द बोलले असते तर दांडा वर गेला असता. अकरा मेंढ्या फायबरच्या, दोनशे खऱ्या, काय बिघडलं असतं? पण तज्ज्ञासमोर, कारागिरासमोर, गंगापूरचा तो मुलगा असण्याची त्यांना लाज वाटली. त्यांनी बुटाचा तळ हिरवळीवर घासला, जणू आधीच लेंडी लागली होती.

"करुणाताई," ते म्हणाले, "मेंढ्या बसवायच्या म्हणजे बसवायच्या. बसवल्या ना? आता विषय वाढवू नका."

माणसाची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती. चोर बरा, त्याला निदान आपण चोरी केली हे माहीत असतं आणि तो तोंड लपवतो. हा माणूस स्वतःच्या आईनं दिलेली ज्वारी विसरल्याचं सोंग करत होता, आणि ते सोंग त्याला जमत होतं. मी त्यांना म्हटलं की बाहेर दोनशे जनावरं उभी आहेत आणि ती तुमच्या ठरावावर विसंबून आली आहेत. ते म्हणाले, ठरावात मुंजाबाचं नाव कुठे आहे. खरंच नव्हतं. त्याचं नाव मीच लिहिलं नव्हतं.

मी फाटकावर परत आले. मी मुंजाबाला कडेच्या उंचवट्यावर नेलं आणि भिंतीवरून दाखवलं. त्यानं कपाळावर हात धरून बराच वेळ पाहिलं. दगडाबाईही आली. तिनं एकेक मेंढी नीट न्याहाळली आणि म्हणाली, "ह्या बऱ्या हायेत. चरत नाय, हागत नाय, मरत नाय." मग तिनं कोकरासाठी पाणी मागितलं.

भिंतीच्या आत फवारे चालू होते. पंधराव्यावरचं तळं काठोकाठ भरलं होतं. मी माळ्यांना हाक मारली आणि नळी ओढून भिंतीवरून बाहेर सोडली. रस्त्याच्या कडेला पडलेल्या, तोंडं मातीनं बुजलेल्या आणि वरून फुटलेल्या सिमेंटच्या पाइपात पाणी साठवलं आणि दोनशे मेंढ्या पिऊन होईपर्यंत नळी बंद केली नाही. फवारे मंदावले तेव्हा सम्यक विचारायला आला, दाब का कमी झाला. मी सांगितलं, मेंढ्या बसल्यात ना, त्यांना तहान लागली. मला वाटतं त्याला त्या वेळी थोडंफार कळलं असावं, पण त्याचं काम दुसऱ्या दिवशी संपत होतं. या नळीबद्दल मला समितीचं कारणे दाखवा पत्र आलं. ते मी फाइलला लावलं आहे.

मुंजाबानं तिथूनच अप्पारावला फोन लावला. त्याच्या रानात नेवाशाकडचा दुसरा कळप बसला होता. अप्पाराव म्हणाला, दोन दिवस आधी सांगितलं असतं तर. मुंजाबानं फोन बंडीच्या खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे तीन आठवडे मी हिरवळ कातरत होते आणि मुंजाबा खाम नदीच्या कोरड्या, घाण पात्रात कळप फिरवत होता. सकाळी कामावर येताना पुलावरून मला तो दिसायचा. मी स्कूटर थांबवायची आणि हाक न मारताच पुढे जायची. दुसऱ्या आठवड्यात चार मेंढ्या फुगून मेल्या. कापल्या तेव्हा पोटातून पिशव्यांचे बोळे निघाले. घोड्यावरून आलेलं ते कोकरूही गेलं. अंगद कारखान्यातून सुट्टी काढून आला आणि या खेपेला त्यानं लांबून नाही, बापाच्या शेजारी बसून सांगितलं, की दादा, आता विकू. मुंजाबानं मान हलवली. हे मला दगडाबाईनं सांगितलं. त्या दिवशी तिनं माझा चहा घेतला नाही.

स्पर्धा चार दिवस चालली. देशभरातून खेळाडू आले. कॅमेरे सातव्यावरच खिळले होते. एका खेळाडूचा चेंडू फायबरच्या मेंढीला लागून उडाला आणि थेट झेंड्याजवळ गेला, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या दिवशी मांडवात बक्षिसं आणि मग दुपारचं जेवण. आप्पासाहेबांनी भाषण केलं, मराठीत. शंभर वर्षांपासून या मातीवर मेंढ्या बसत आल्या, आणि आम्ही ती परंपरा जपली, असं म्हणताना त्यांनी रुमाल काढला. पुन्हा तेच पाणी, त्याच डोळ्यांत. मी उठून मांडवाच्या मागे स्वयंपाकघराकडे गेले.

मागच्या फाटकाशी मुंजाबा उभा होता.

मेजवानीचं मटण पुरवणाऱ्यानं त्याच्याकडून तीस मेंढ्या घेतल्या होत्या आणि त्या पहाटेच आत आल्या होत्या. रखवालदार तोच होता. त्याच्या वहीत मी नोंद पाहिली: मेंढ्या, तीस, स्वयंपाकघर. पुढच्या फाटकावर त्यानं विचारलं होतं, ह्या कुठल्या. इथे काही विचारलं नव्हतं. बाकीचा कळप अंगदनं आदल्या आठवड्यात बाजारात नेला होता. मुंजाबा रिकामी वाघर परत न्यायला थांबला होता, खांद्यावर तिची वळकटी होती. मांडवातून रश्श्याचा वास येत होता आणि तो चांगला होता, हे सांगायलाही मला शरम वाटते.

मी त्याची माफी मागितली. असल्या माफीचा काही उपयोग नसतो, पण मागितली. माझ्या कागदानं हे झालं, असं मी म्हणाले.

तो हसला. खरोखर हसला. "तुमचा कागद बराबर निगाला, बाई," तो म्हणाला. "मेंढरं तिथं बसवली, अन् आमाला घरी बसवलं."

वळकटी सावरून तो निघाला, दोन पावलं गेला आणि परत वळला. हसू गेलं होतं. त्यानं विचारलं, की त्या मेंढ्यांवर धूळ बसत असेल, कावळे घाण करत असतील, तर त्या पुसायला माणूस लागत असेलच. तसं काही असलं तर सांगा. घरी बसून करमणार नाही, आणि अंगदच्या खोलीत दिवसभर बसवत नाही.

त्याला नको म्हणावं असं मला वाटलं. त्याच्या पणजोबासाठी, त्या खळग्यांसाठी, माझ्यासाठी, काहीही कर पण हे करू नको असं सांगावंसं वाटलं. पण माझ्या वाटण्यानं त्याच्या चुलीवर काय शिजणार होतं? मी अर्ज लिहिला. या खेपेला नाव घातलं आणि काय काम, कुठे, किती वाजता, ते सगळं सविस्तर लिहिलं. आप्पासाहेबांनी अर्ज पूर्ण वाचला आणि लगेच मान्य केला. फार छान कल्पना, म्हणाले. फोटोत धनगर आहेच की. त्यांनी त्याला नवी घोंगडी आणि लाल फेटा द्यायला सांगितलं, आणि पाहुणे आले तर सातव्यावर उभं राहायचं, अर्धा नाही, पुरता दिसेल असा.

त्या कागदावर शिफारस म्हणून सही माझी आहे.

आता मुंजाबा रोज सकाळी सातला येतो. बादली भरतो, फडकं पिळतो आणि एकेक मेंढी पुसतो. आधी तोंड, मग पाठ, मग सिमेंटचा चौथरा. खळग्यांतली वाळू वाऱ्यानं बाहेर येते आहे आणि कडा ढासळायला लागल्या आहेत. समितीनं त्यासाठी पुण्याला सम्यकला पत्र लिहिलं आहे. काम संपलं की मुंजाबा उताराच्या टोकाला उभा राहून, कळप वाघरीत घालताना मोजायचा तसा, बोटानं मेंढ्या मोजतो. संध्याकाळी घरी जाताना पुन्हा मोजतो.

मी एकदा विचारलं, कशाला मोजतोस. अकरा भरतात, म्हणाला, आणि सायकल काढून निघाला.